तिरक्या कडांची पट्टी

१

भिंतीवरची फ्रेम गेल्याचं सकाळी साडेनऊला कळलं, आणि ती कुणी नेली हे पावणेदहाला सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. ज्या बाईच्या भाचीवर आळ आला, तिचा तोवर दुकानाचा केरसुद्धा काढून झाला नव्हता.

ही बाई म्हणजे मावशी. साऱ्या रस्त्याची मावशी. तळमजल्यावर तिचं फ्रेमचं दुकान आणि डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, मनाच्या आजारांचा दवाखाना. तीस वर्षं ती लोकांच्या पदव्या, लग्नाचे फोटो आणि नातवंडांनी काढलेले वाकडेतिकडे हत्ती काचेखाली बसवत आली होती. तोंडानं फटकळ, पण कुणाचं पोर रडताना दिसलं की हातातली पट्टी टाकून धावणारी.

त्या सकाळी केर काढताना तिच्या चपलेला पुठ्ठ्याची एक पट्टी चिकटून आली. दोन बोटं रुंद, हातभर लांब, फिकट क्रीम रंगाची. आता फ्रेमवाल्याच्या दुकानात पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघायच्या नाहीत तर काय मोती निघणार? तरी मावशी क्षणभर थबकली. काल क्रीम रंगाचं काम कुणाचं होतं? आठवेना. पट्टी सरळ, सुरेख होती, म्हणून तिनं ती ऑर्डरच्या वहीत खूण म्हणून घातली आणि पहिलं काम कापायला घेतलं, तर कटरचं पातं अडायला लागलं.

"कालच घातलं की गं नवं पातं! एका रात्रीत म्हातारं झालं?" मावशी पात्यावर खेकसली.

तेवढ्यात वरची काउंटरवाली बाई धापा टाकत दारात उभी राहिली.

"मावशी, वर चला. आधी चला. तुमच्या रेडिओनं घोटाळा करून ठेवलाय."

२

रेडिओ म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय तेवीस. लहानपणी ती सकाळी डोळे उघडल्यापासून जी सुरू व्हायची, ती झोपेतही थोडं बोलून घ्यायची, म्हणून घरानं तिचं नाव रेडिओ ठेवलं. बहीण गेली तेव्हा रेडिओ बारा वर्षांची होती. तेव्हापासून ती मावशीकडेच. दुकानात हाताखाली काम शिकली, आणि फ्रेममधला पुठ्ठ्याचा माउंट कापण्यात तर मावशीच्याही वरताण झाली.

पण गेले सहा महिने रेडिओ बंद होता. आधी झोप गेली, मग जेवण गेलं, मग हसणं, आणि शेवटी बोलणं. मावशीनं सगळं करून पाहिलं. रागावली, लाडीगोडी लावली, मोरीत जाऊन नळ सोडून रडली. शेवटी वरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "गोळ्या चालू ठेवा, आणि जोडीला आमच्या मॅडमकडे बोलायला पाठवा."

मॅडमकडे पाठवायचं राहिलं ते मावशीमुळेच. कारण वर जाताच समोरच्या भिंतीवर दिसायची ती सरांची फ्रेम. सोनेरी चौकट, दीड हात रुंद, वर जाड अक्षरांत 'मनोपचार', खाली लाल मोहोर. ती फ्रेम चार महिन्यांपूर्वी मावशीच्याच दुकानात झाली होती. सर दवाखान्यातल्या रिकाम्या खोलीत बसायचे. गोड आवाज, पांढराशुभ्र सदरा, येईल त्याला "बाळा" म्हणायचे. मावशीला वाटलं, एवढा मोठा कागद आहे म्हणजे माणूसही तेवढाच मोठा असणार. तिनं रेडिओला सरांकडे घातलं. सरांनी सांगितलं, गोळ्या म्हणजे कुबड्या, सोडून दे. मावशीनं स्वतःच्या हातानं गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. त्याला आज अकरा दिवस झाले होते.

आता ती वर पोचली तेव्हा ती सोनेरी फ्रेम जागेवर नव्हती. भिंतीवर नुसते दोन हूक होते.

"काल शेवटची तीच होती इथे," काउंटरवाली म्हणाली. "तिच्याजवळ तुमची ती मोठी चपटी पिशवी होती. मी पाणी प्यायला आत गेले, आले तर ही गेलेली. मी घाईत होते, भिंतीकडे बघितलंच नाही. आज सकाळी मी जरा लवकर आले, बघते तर भिंत रिकामी!"

सर पुढे आले. चेहऱ्यावर राग औषधालासुद्धा नव्हता. "मावशी, मी तिला क्षमा केलीय. मला कुणाला शिक्षा नकोय. हे तिचं नाहीच, तिच्या आजाराचं लक्षण आहे. मात्र आता तिला आठवड्यातून एकदा पुरणार नाही. रोज पाठवा."

मावशीनं मागं पाहिलं. रेडिओ जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू नेलीस का गं?" मावशीनं विचारलं.

रेडिओ जमिनीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मला आता कुणाकडेच जायचं नाही. ना सरांकडे, ना डॉक्टरांकडे, कुणाकडेच."

आणि खाली निघून गेली.

फ्रेम गेली खड्ड्यात, तशा छप्पन्न करून देता येतील. पण पोरगी उपचारालाच पाठमोरी झाली तर तिला परत वळवायचं कुणी? किती मिनतवारीनं आणलं होतं तिला या जिन्यापर्यंत.

"माझी भाची चोर नाही," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि चोर कोण ते दिवस मावळायच्या आत मी दाखवते. तोवर या भिंतीला कुणी हात लावायचा नाही."

३

चष्मा कपाळावरून नाकावर आणून मावशी भिंतीसमोर उभी राहिली. माणसं खोटं बोलतात, भिंती खोटं बोलत नाहीत, हे तिचं जुनं मत.

पहिली गोष्ट, हूक दोन होते आणि दोन्ही शाबूत होते. मावशी मोठ्या फ्रेमला एक दोरी लावत नाही, दोन कड्या लावते, म्हणजे फ्रेम कलत नाही. अशी फ्रेम घाईघाईनं ओढली तर हूक वाकतो. ती दोन्ही हातांनी आधी वर उचलावी लागते. नेणाऱ्याला हे माहीत होतं. हे लक्षात आल्यावर मावशीला काही बरं वाटलं नाही, कारण ते सगळ्यात जास्त कुणाला माहीत होतं हे काही वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट मात्र विचित्र होती. जुन्या भिंतीवरची फ्रेम काढली की खाली स्वच्छ चौकोन दिसतो, बाकी भिंत धुळीनं काळवंडलेली असते. इथंही चौकोन होता. पण तो जेमतेम वीतभर. दीड हाताच्या फ्रेमखाली वीतभर चौकोन?

"या जागी आधी काय होतं गं?" तिनं काउंटरवालीला विचारलं.

"कुठं? हां, इथं होय! इथं मॅडमचं ते छोटं नोंदणीचं कार्ड होतं. साध्या काळ्या फ्रेममधलं. बरीच वर्षं होतं. सर आले तेव्हा म्हणाले, इथं काहीतरी भारदस्त हवं. मग मी मॅडमचं आत पाण्याच्या कूलरजवळ लावलं."

"मॅडम काही बोलल्या नाहीत?"

"काही नाही. मला वाटलं, मनात राग धरला असणार. कुणीही धरेल, मावशी. आपलं काढून दुसऱ्याचं लावलं तर..." काउंटरवालीनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला रेडिओपेक्षा मॅडमचाच संशय जास्त येतोय."

मावशी तडक कूलरजवळ गेली. छोटी काळी फ्रेम तिथं होती. मॅडमचं नाव, शिक्षण, नोंदणीचा क्रमांक, कधीपर्यंत चालू ती तारीख. तिच्याच दुकानातली फ्रेम, बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा ती कापताना तिनं त्यातलं अक्षरही वाचलं नव्हतं.

"वाचा, वाचा," मागून आवाज आला. हातात कपबशी घेऊन मॅडम उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चपलेचा अंगठा शिवलेला. "ते वाचायलाच लावलंय."

मावशीला आडपडदा जमत नसे. "मॅडम, तुमची फ्रेम काढून सरांची लावली. तुम्ही ती उचललीत का?"

मॅडम हसल्या. "नाही हो. माझी नोंदणी भिंतीवर नसते, मावशी. ती नोंदवहीत असते. ही फ्रेम कूलरजवळ लावा नाहीतर कोळशाच्या पोत्यावर, नंबर तोच."

"मग एक विचारू? राग मानू नका. तुम्ही करता काय आणि तुम्हाला ते करता येतं कशावरून?"

इतका उर्मट प्रश्न आपण विचारला म्हणून मावशीनं स्वतःचीच जीभ चावली. पण मॅडमनी कपबशी खाली ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली.

"हा प्रश्न प्रत्येक पेशंटनं पहिल्या दिवशी विचारावा असं मला वाटतं. विचारतं कुणीच नाही. बघा, डॉक्टर आधी शरीराचे डॉक्टर झाले, मग मनाच्या आजारांचे. गोळी त्यांनीच लिहायची. मी डॉक्टर नाही, मी गोळी लिहीत नाही. मी मानसशास्त्र शिकले, मग दवाखान्यात मोठ्यांच्या देखरेखीखाली पेशंट बघायला शिकले, मग नोंदणी झाली. मी चाचण्या घेते आणि बोलून उपचार करते. हा नंबर घ्या आणि नोंदणी करणाऱ्या कार्यालयात विचारा. खरा आहे का, चालू आहे का, माझ्याविरुद्ध तक्रार आहे का. माझा शब्द कशाला प्रमाण मानायचा?"

मावशीनं नंबर तळहातावर पेनानं लिहून घेतला. बाई चोर वाटेना.

"आणि सरांचा नंबर कोणता?" तिनं विचारलं.

मॅडमनी कपबशी पुन्हा उचलली. "त्यांच्या फ्रेममध्ये मला कधी नंबर दिसला नाही," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांना दोनदा म्हणाले, विचारून घ्या. तुम्हीच विचारा ना."

४

सरांच्या खोलीत निळा पडदा होता आणि कोपऱ्यात पाण्याचं छोटं कारंजं झुळझुळत होतं. मावशी समोर बसली.

"सर, तुमच्या त्या कागदावर नंबर काय होता हो? म्हणजे शोधायला बरं पडेल."

सरांच्या हसण्यात तिळभर खंड पडला. "मावशी, नंबर म्हणजे कैद्यांना असतात. मी मनांशी काम करतो."

"पण तुम्ही शिकलात कुठं? किती वर्षं?"

"बाळा," साठीच्या मावशीला सर म्हणाले, "शंका हीच तर तुमच्या भाचीची व्याधी आहे. तिलाही मी हेच सांगतो. मन शंका काढतं तेव्हा ते खोटं बोलत असतं. विश्वास नसेल तर उपचार लागू कसा होणार?"

मावशी बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. एकच प्रश्न दोन खोल्यांत विचारला. एकीकडे खुर्ची पुढं आली, दुसरीकडे शहाणपण शिकवलं गेलं. तिला एकदम वाटलं, सापडला! चोराच्या मनात चांदणं. ह्यानंच आपली फ्रेम लपवली असणार. कुणीतरी कागदाची चौकशी करणार अशी कुणकुण लागली असेल, म्हणून कागदच गायब करायचा आणि वर आजारी पोरीवर ढकलायचं.

डॉक्टर त्यांच्या खोलीत डबा उघडून बसले होते. वय झालेले, मायाळू, आणि आपलं काम सोडून जगात काय चाललंय याचा पत्ता नसलेले.

"खोली रिकामी होती, दिली वापरायला," ते म्हणाले. "लोक त्यांच्याकडून हसत बाहेर येतात. कागद मी वाचला नाही, खरं सांगतो. भिंत पेशंट वाचतो, डॉक्टर कुठं वाचतो? पण मावशी, रेडिओ कशी आहे? झोपते का गोळ्यांनी?"

"गोळ्या तर सरांनी सोडायला लावल्या. अकरा दिवस झाले."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "कुणी सोडायला लावल्या?" ते उभे राहिले. "मावशी, ही गोळी अशी एकदम सोडत नाहीत. कमी करायची, थांबवायची, ते सगळं मी तिला समोर बसवून ठरवणार. तिला आजच्या आज माझ्याकडे आणा. आजच!"

"ती यायला तयार नाही," मावशी म्हणाली. "तिला इथं सगळे चोर म्हणालेत."

५

दुपारी मावशी दुकानात एकटीच बसली होती. रेडिओ मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सरांनीच फ्रेम लपवली हे सिद्ध कसं करायचं? मावशीला आठवलं, ती फ्रेम आपण केलीय, म्हणजे ऑर्डरच्या वहीत तिची मापं असणार. वही उघडली. सकाळी खूण म्हणून घातलेली पट्टी तिच्या मांडीवर पडली. तिनं पानं उलटली आणि चार महिने मागं गेली. पान सापडलं. स्वतःचंच अक्षर.

'सर, वरचा दवाखाना. चौकट सोनेरी. माउंट क्रीम. वर तीन बोटं, बाजूंना तीन, खाली पाच. खालच्या दोन ओळी झाकणे.'

माउंट म्हणजे काचेखाली कागदाभोवती बसतो तो जाड पुठ्ठा. त्याला मधोमध खिडकी कापतात, आणि तेवढ्यातूनच कागद दिसतो. खालची बाजू थोडी रुंद ठेवायची रीतच आहे, चित्र उठून दिसतं. म्हणून 'खाली पाच' लिहिताना मावशीला काही वाटलं नव्हतं. सर म्हणाले होते, खाली डाग आहे, झाकून टाका. तिनं झाकलं. तीस वर्षांची सवय. ती कागदाची कड बघायची, कागद वाचायची नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकणारी मी! मावशीनं कपाळावर हात मारला.

मग तिची नजर मांडीवरच्या पट्टीवर गेली. क्रीम रंगाची. दोन बोटं रुंद. पाच वजा तीन.

तिनं पट्टी उचलून उजेडात धरली. बाहेरून छाटलेल्या पट्टीच्या कडा सरळ असतात. खिडकीतून निघालेल्या तुकड्याच्या कडा तिरक्या असतात, पण एकमेकींच्या उलट दिशांना. या पट्टीच्या दोन्ही लांब कडा तिरक्या होत्या आणि एकाच दिशेला कललेल्या. असा तुकडा नव्या माउंटमधून निघतच नाही. आधीच कापलेली खिडकी कुणी खालून आणखी मोठी केली, तरच तो निघतो.

म्हणजे ती फ्रेम काल संध्याकाळी याच दुकानात उघडली गेली होती. याच टेबलावर, कालच्याच नव्या पात्यानं. सरांना माउंट कापता येत नव्हता, मॅडमना येत नव्हता, आणि दुकानाची किल्ली दोघींकडेच होती. त्यातली एक तर इथं वही मांडीवर घेऊन बसली होती. दुसरी काल म्हणाली होती, "तू घरी जा मावशी, मी बंद करते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी उठली आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रेमांकडे गेली. एक, दोन, तीन... पाचवी उलटी ठेवलेली होती. तिनं ती वळवली. सोनेरी चौकट. काच लख्ख पुसलेली. आणि तळाशी, पहिल्यांदाच उघड्यावर आलेल्या, दोन बारीक ओळी.

मावशीनं चष्मा पुसला आणि तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच काचेखालचा कागद शेवटपर्यंत वाचला.

'हे प्रमाणपत्र दोन दिवसांच्या शिबिरास उपस्थित राहिल्याबद्दल देण्यात येत आहे. यावरून रुग्णांवर उपचार करण्याची पात्रता मिळत नाही.'

६

"उठ गं," मावशी पलंगाच्या कडेला बसली. "ओरडणार नाहीये मी."

रेडिओ वळली. मावशीच्या हातात ती पट्टी बघून तिचे डोळे भरून आले.

"मी चोरली नाही," ती म्हणाली. "म्हणजे नेली. पण आज सकाळी परत लावणार होते. काउंटरवाली यायच्या आत. पण ती आज लवकर आली."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"सर म्हणाले ना, आजाराचं लक्षण आहे. मग मलाच वाटलं, असेल. असं कोण करतं, मावशी? दुसऱ्याची फ्रेम काढून... वेड्यासारखं."

मावशीला हुंदका आला, तो तिनं खोकल्यावर निभावला. "त्या दोन ओळी तुला कधीपासून माहीत होत्या?"

"पहिल्या दिवसापासून. माउंट मीच कापला ना. तू मापं घेतेस, मी कागद वाचते. मला वाचल्याशिवाय कापताच येत नाही."

"चार महिने! अगं, मी तुला त्याच माणसाकडे पाठवत होते आणि तू..."

"तू किती खूश होतीस," रेडिओ म्हणाली. "म्हणायचीस, बघ केवढा मोठा कागद, आता माझं पोर बरं होणार. इतक्या दिवसांनी तू हसली होतीस. मी कसं सांगू? आणि सर म्हणायचे, शंका आली की समजायचं मन खोटं बोलतंय. मग मी गप्प बसले. पण गोळ्या सोडल्यावर पुन्हा झोप गेली. आणि परवा तिथं बाकावर एक बाई आली, तिच्याबरोबर शाळेतली मुलगी. ती बाई आपल्या फ्रेमकडे बघून म्हणाली, बघ, केवढा मोठा कागद. अगदी तुझ्यासारखी. मला राहवलंच नाही मावशी. मला बोलता येत नव्हतं. कापता येत होतं."

मावशीनं तिला जवळ ओढलं. तीन वेळा चूक तिचीच होती. तिनं ओळी झाकल्या, तिनं त्या फ्रेमवर भरवसा ठेवला, आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकणारा हातही तिचाच. हे सगळं तिनं एका दमात भाचीला सांगून टाकलं आणि म्हणाली, "तू आजारी आहेस हे खरं. पण तुझी शंका आजारी नव्हती, बाळा. या घरात गेले चार महिने तेवढी एकच गोष्ट धडधाकट होती."

रेडिओ कितीतरी वेळ तिच्या खांद्यावर रडली. मग नाक पुसून म्हणाली, "दोन्ही कड्यांना धरून उचलशील? मला एकटीला जड होते."

७

पाच वाजता दोघींनी फ्रेम वर नेली आणि सगळ्यांसमोर हुकांवर चढवली. बाकावर कालपरवाची ती बाई आणि तिची मुलगी बसलेली होती.

"अरे वा, सापडली!" सर हात पसरून आले आणि तिथंच थांबले.

"मी नेली होती," रेडिओ म्हणाली. आवाज कापत होता, पण होता. "न विचारता नेली, ते चुकलं. माफ करा. पण मी फक्त झाकलेलं उघडलंय."

डॉक्टरांनी पुढं येऊन दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. काउंटरवालीनं तोंडावर पदर धरला. बाकावरच्या बाईनं मुलीचा हात घट्ट पकडला.

"दोन ओळींनी काय होतं?" सर पुटपुटले. "लोकांना माझ्यामुळे बरं वाटतं."

"बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे, सर," डॉक्टर म्हणाले. "गोळी सोडायला सांगताना तुम्हाला तो कळायला हवा होता. आणि खोली देताना मला. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांची नावं द्या. उद्या मी एकेकाला स्वतः भेटतो."

सर खाली बसले. पहिल्यांदाच ते कुणाला बाळा म्हणाले नाहीत. आठवड्यानंतर ते मावशीच्या दुकानात आले आणि ओशाळत एक साधी पाटी करून मागितली, 'दीर्घश्वसनाचा वर्ग, सकाळी सात'. मावशीनं ती करून दिली, माउंट न घालता.

पण त्या संध्याकाळी रेडिओ आधी डॉक्टरांकडे जाऊन आली. गोळी कशी सुरू करायची ते त्यांनी लिहून दिलं. मग ती मॅडमच्या दारात उभी राहिली. मावशीनं तळहातावरचा नंबर दुपारीच फोन करून तपासला होता. खरा होता, चालू होता.

"आत ये," मॅडम म्हणाल्या.

रेडिओ आत गेली नाही. उंबऱ्यावरूनच तिनं विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?"

मॅडमनी सांगितलं.

"किती वर्षं? माझ्यासारखी माणसं आधी बघितलीत का? मी इथं बोलेन ते कुणाला सांगणार? मावशीला सांगणार? आणि डॉक्टरांशी तुम्ही बोलणार की मीच दोघांच्यामध्ये निरोप पोचवायचे? आणि मला तुमच्याशी जमलंच नाही तर? तर तुम्ही रागावणार का?"

मॅडम एकेकाचं उत्तर देत गेल्या. शेवटच्याला म्हणाल्या, "नाही रागावणार. दुसऱ्या चांगल्या माणसाचं नाव देईन."

मग रेडिओ आत गेली आणि दार लागलं.

मावशी बाकावर बसली. सुरुवातीला आतून काहीच ऐकू येईना. मग एक आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, आणि मावशीनं ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. पण तो थांबत नव्हता. मध्ये रडला, मध्ये अडखळला, पुन्हा सुरू झाला.

काउंटरवाली घड्याळ बघत आली. "मावशी, वेळ संपून दहा मिनिटं झाली. दार वाजवू का?"

"खबरदार दाराला हात लावशील तर," मावशी डोळे पुसत म्हणाली. "सहा महिन्यांनी स्टेशन लागलंय."